एक विहीर वगळून

तहसीलदारांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. चकचकीत कव्हर, आत रंगीत ग्राफ, शेवटच्या पानावर माझी सही.

"ही सही आपलीच ना?"

"हो सर."

"यात लिहिलंय, गावाच्या भूजल पातळीत लक्षणीय वाढ. आणि या बाई म्हणतात, वस्तीच्या विहिरीत घागर बुडत नाही. मी टँकरची फाईल पुढं पाठवली तर वरून पहिला प्रश्न येणार, पाणी वाढलेल्या गावाला टँकर कशाला? काय उत्तर देऊ?"

या बाई म्हणजे सुमनबाई. गावातल्या बौद्धवस्तीच्या, तिथल्या महिला बचत गटाच्या सचिव. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पण त्या उभ्याच होत्या. मागे वस्तीतल्या आठ-दहा जणी. एप्रिलचा शेवट होता आणि जाफराबादच्या त्या ऑफिसातला पंखा नुसता आवाज करत होता.

मी म्हणालो, "सर, जरा रिपोर्ट बघावा लागेल."

स्वतःचाच रिपोर्ट. दोन महिन्यांपूर्वी लिहिलेला.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. आजवर ती मी बायकोलाही धड सांगितलेली नाही. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं पाणलोटाचं काम करणाऱ्या आमच्या संस्थेचं तर नाहीच. तेव्हा मी तिशीतला होतो, व्हिजिटिंग कार्डावर 'वॉटर रिसोर्स कन्सल्टंट' असं छापलेलं होतं आणि ते कार्ड मी पानटपरीवरसुद्धा द्यायचो.

पाणलोट म्हणजे काही गूढ विद्या नाही. टेकडीवर पडलेला पाऊस पळून जाऊ नये म्हणून त्याला वरपासून खालपर्यंत अडवत यायचं. माथ्यावर चर खणायचे, मधे बांध घालायचे, ओढ्यात नालाबांध. पाणी जमिनीत मुरलं की आसपासच्या विहिरींना उतरतं. ते खरंच उतरलं की नाही हे कळावं म्हणून गावातल्या काही विहिरी ठरवून त्यांचं पाणी दर महिन्याला मोजतात. त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. खणायचं काम गावकऱ्यांनी केलं, आखणी इंजिनिअरनं केली. माझ्याकडे इम्पॅक्ट होता. म्हणजे केलेल्या कामाचा उपयोग झाला हे सिद्ध करणं. झाला का, हे शोधणं नव्हे. दोन्हींतला फरक मला त्या वयातही कळत होता.

पाच विहिरी निवडायच्या होत्या. पुस्तकात लिहिलंय की माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्या उंचीवरच्या घ्याव्यात. आम्ही जीप जाईल तिथल्या घेतल्या. पहिली अर्थातच भगवानरावांची. भगवानराव हे पाणलोट समितीचे अध्यक्ष, गावातले जुने बागायतदार, मोसंबीची बाग. त्यांच्या विहिरीपर्यंत खडीचा रस्ता होता, काठावर लिंबाची गार सावली, बसायला सहा खुर्च्या आणि सांगितल्याबरोबर चहा. शास्त्रीय भाषेत याला सॅम्पलिंग म्हणतात.

पाचवी विहीर वस्तीची. ती आमच्या यादीत आली कारण निधीच्या अर्जाच्या नमुन्यात 'वंचित घटक' असा एक रकाना होता.

ती विहीर सुमनबाई मोजायच्या. आम्ही त्यांना दोरी दिली होती, हात-हात अंतरावर गाठी मारलेली. दगड बांधून सोडायची, पाण्याला टेकेपर्यंत किती गाठी गेल्या ते वहीत लिहायचं. जितक्या गाठी जास्त, तितकं पाणी खोल. त्यांनी दोन वर्षं एक महिना चुकवला नाही. त्यांची वही पाहिली तर आमच्या ऑफिसातल्या फायलींना लाज वाटावी.

दोन वर्षांनी आकडे जुळवायला बसलो. तीन विहिरी होत्या तिथंच होत्या. भगवानरावांची भरपूर वर. वस्तीची खाली. पाचांची सरासरी काढली तर ग्राफ आडवा झोपायचा. मग मी वस्तीला गेलो.

"सुमनबाई, तुमच्या वहीत काहीतरी गडबड आहे. दोरी ताणली गेली असेल."

"साहेब, दोरी ताणली तर गाठी लांब लांब व्हतील का न्हाई?"

"होतील."

"मंग तेवढ्याच पाण्याला गाठी कमी भरायला पायजे. आमच्या तर जास्त भरून राह्यल्या."

मी बी.ई. सिव्हिल. त्या सातवी. मी म्हणालो, "बघतो."

आणि बघितलं ते असं की ती विहीर 'डेटा क्वालिटीच्या कारणास्तव वगळली'. उरलेल्या चारांची सरासरी छान वर गेली. आमच्या डायरेक्टर साहेबांनी ग्राफ पाहून माझा खांदा थोपटला. ज्यांच्या मदतीवर हे काम चाललं होतं ते पाहुणे आले, फेटे बांधून घेतले, भगवानरावांच्या काठोकाठ विहिरीत डोकावले आणि 'वा' म्हणाले. वस्तीतल्या बायकांनी त्यांना ओवाळलं. सुमनबाईंच्या हातातही ताट होतं.

आणि आता एप्रिलात त्या माझ्या शेजारी तहसीलमध्ये उभ्या होत्या.

मी बाहेर एसटीडी बूथवर जाऊन डायरेक्टर साहेबांना फोन लावला.

"खुलासा द्या," ते म्हणाले. "पण रिपोर्ट चुकला असं लिहू नका."

"मग पाणी नाही असं लिहू?"

"वेडे आहात का? पाणी आहे असंच लिहा."

"सर, तिथं पाणी नाहीये."

"मग स्थानिक भिन्नता लिहा."

मी लिहिलं. 'भूस्तरीय रचनेतील स्थानिक भिन्नतेमुळे सदर लाभाचे वितरण असमान आढळते.' तहसीलदारांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे पाणी आहे की नाही?"

"आहे सर. पण सगळीकडे नाही."

"हे आधी नाही का बोलायचं? सर्वात जास्त कुठं आहे?"

मी भगवानरावांचं नाव सांगितलं. दुसरं सांगायला नव्हतंच.

"झालं तर मग. अधिग्रहण करू. टँकर कशाला?"

अधिग्रहण म्हणजे सरकार उन्हाळ्यापुरती एखाद्याची खासगी विहीर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी ताब्यात घेतं. मालकाला मोबदला मिळतो, पण पिकाला पाणी देता येत नाही. भगवानरावांची बाग ऐन भरात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या विहिरीवर. खुर्च्या होत्याच. चहाही आला. भगवानराव मात्र बसायला तयार नव्हते.

"साहेब, हिरीला पाणीच न्हाई."

तहसीलदारांनी वाकून पाहिलं. खाली हिरवंगार पाणी लकाकत होतं. "मग हे काय आहे?"

"हे बोरचं हाय. त्या कोपऱ्यात बोर हाय, त्याचं. लाईट आली की बोर चालू करून इथं सोडून राह्यलो, अन् इथून बागेला. हीर तर माह्या बापाच्या काळापासून मार्चातच बसती. बिलकुल खोटं न्हाई. बोर तीन दिवस बंद करा, तळ दिसंल तुम्हाला."

ही रीत आमच्याकडे घरोघरची. लाईट येते थोडा वेळ, बोरची धार बारीक, ती थेट बागेला पुरत नाही. म्हणून बोरचं पाणी आधी विहिरीत साठवतात. नाव विहीर, काम हौदाचं. मराठवाड्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

तहसीलदार म्हणाले, "अहो, ही माणसं दोन वर्षं इथं येऊन मोजत होती. तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. नुसतं मोजलं."

"आणि रिपोर्टात—"

"रिपोर्ट ह्यांचा हाय. म्या कुठं लिवला?" भगवानरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कालपरवापर्यंत हाच माणूस मला 'आपले साहेब' म्हणायचा.

तहसीलदार माझ्याकडे वळले. काठावरून आत उतरलेला काळा पाईप मनगटाएवढा जाड होता. "तुम्हाला हा दिसला नाही?"

"नाही सर."

मागून सुमनबाईंचा आवाज आला. शांतपणे म्हणाल्या, "दिसला कसा न्हाई? पाहुणे आल्ते तव्हा ह्याच पाईपावर झेंडूची माळ टाकायला तुम्हीच सांगितलं. म्या सोताच टाकली की."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

खरं होतं ते. पाईप मला पहिल्या दिवशीच दिसला होता. पाहुण्यांच्या फोटोत तो येऊ नये म्हणून माळ. ती टाकायला माझ्या शेजारी जे हात मोकळे होते, ते सुमनबाईंचे होते.

तहसीलदारांनी बागेचा उपसा चालू ठेवून बोर बंद ठेवायला लावला. तिसऱ्या दिवशी विहिरीत तळाचा गाळ आणि दोन चपला दिसल्या. पंचनामा झाला आणि फाईल पुढं गेली. टँकर सुरू व्हायला अकरा दिवस लागले. तोवर तहसीलदारांच्या सांगण्यावरून बोर पुन्हा चालू झाला आणि गाव भगवानरावांच्याच विहिरीवरून पाणी नेऊ लागलं. वस्तीच्या बायकांना मात्र काठावर येऊ देत नसत. कुंपणाबाहेर पाईप सोडत. गर्दीनं काठ ढासळतो, असं भगवानराव म्हणाले. गावातल्या बाकीच्या बाया काठावरूनच शेंदत होत्या. त्यांच्यानं ढासळत नसावा.

मीही त्या अकरा दिवसांत दोनदा तिथून गेलो. जीप थांबवली नाही.

इथं संपवलं तर माझी अब्रू थोडीफार शाबूत राहील. पण पुढचंही सांगायला हवं.

मे महिन्याच्या शेवटी डायरेक्टर साहेबांचा निरोप आला. फायनल रिपोर्ट आहे, पाचवी विहीर का वगळली असा मदत देणाऱ्यांचा प्रश्न आलाय, या वेळी पाचही घ्या. मी वस्तीला गेलो. टँकर नुकताच गेलेला. आमच्याकडे टँकर घरोघर फिरत नाही, तो सार्वजनिक विहिरीत रिकामा करतात आणि मग लोक शेंदून घेतात. शेंदणाऱ्यांची झुंबड ओसरली होती, तरी पाणी बरंच वर होतं.

"मोजायचं का, साहेब?" सुमनबाईंनी विचारलं.

"मोजा."

त्यांनी दोरी सोडली, गाठी मोजल्या. वही उघडली. पेन हातात धरून थांबल्या.

"काय लिवू? टँकर का पाणलोट?"

"रकाना एकच आहे, सुमनबाई. आकडा लिहा फक्त."

"आता कुणाची दोरी ताणली मंग?"

त्यांनी वही मिटली, पेन तिच्यावर ठेवलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच लिवा. दोन वर्षं जे दिसलं ते लिवलं म्या. हे न्हाई लिवत."

मी लिहिलं. विहिरीच्या काठावर उभं राहून, त्यांच्याच वहीत, त्यांच्या सरळ अक्षराखाली माझं वाकडं अक्षर.

पाचपैकी पाच विहिरींचा रिपोर्ट मंजूर झाला. मदत देणाऱ्यांच्या समितीनं शेरा दिला की लाभ वंचित घटकांपर्यंत पोहोचल्याचे पाहून समाधान वाटले. मला पुढचं काम तीर्थपुरीकडं मिळालं. पावसाळ्यात टँकर बंद झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात वस्तीनं पुन्हा अर्ज केला तेव्हा त्या अर्जाला माझा फायनल रिपोर्ट जोडून अर्ज परत पाठवला, असं नंतर कानावर आलं. खात्री करायला मी गेलो नाही. एसटी जाते तिथं, दिवसातून दोनदा.

चर अजून आहेत. ओढ्यातला बांधही आहे. ते काम लोकांनी खरंच केलं होतं, आणि खोटं फक्त माझ्या वाट्याच्या कामात होतं.

हल्ली मी नव्या कन्सल्टंटना ट्रेनिंग देतो. विहीर निवडण्यावर माझं एक सेशन असतं. त्यात सांगतो की मोजण्याआधी पाणी कुठून आलं ते विचारायचं. आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत असेल, तर चारचौघांत, जरा मोठ्यानंच विचारायचं.