तोडी, पांढरी तीनपासून

कर्नाटक संगीतातली तोडी आणि आपली तोडी हे दोन वेगळे राग आहेत. नाव एक, सूर वेगळे. एवढं साधं वाक्य पुण्यातल्या एका शाळेच्या डोक्यात शिरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वारज्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ मामी राहतात. हडपसरच्या त्या शाळेत त्या तासिकेवर गाणं शिकवायच्या. तासिकेवर म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद. मामा अंथरुणाला खिळलेले. शाळेत गाण्याची कायम जागा निघाली, तेव्हा ती मामींना मिळाली नसती तर पुढे काही नव्हतंच. तासिकाही बंद होणार होत्या.

मुलाखतीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोडी म्हणायला सांगितली. मामींनी त्यांची तोडी म्हटली. तिचे सूर आपल्या भैरवीचेच. परीक्षक हसले. "बाई, भैरवी मैफल संपवताना म्हणतात. आपण आल्या आल्याच निरोप घेताय?" कागदावर शेरा पडला : रागज्ञान कच्चे.

माझं टाळकं सणकलं. तासिकेवरच्या शिक्षकांसाठी पत्रकं लिहिणं हे तेव्हा माझं रोजचंच काम. 'तोडी कोणाची?' असं पत्रक काढलं आणि शाळेच्या फाटकावर वाटलं. दक्षिणेचं ऐकायचं नसेल तर तिसऱ्याला विचारा, असा मुद्दा होता. पाश्चात्त्यांकडे हेच सप्तक फ्रिजियन नावानं आहे. पेटीवर पांढरी तीनला सा धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वर जा. आधी अर्ध्या सुराचं अंतर, मग तीन पूर्ण, पुन्हा अर्धं, शेवटी दोन पूर्ण. हे मामींच्या तोडीचे सूर. कच्चं कोण आहे?

मामींनी पत्रक वाचलं. "सूर तेच गं," त्या म्हणाल्या, "पण एवढ्यानं तोडी होत नाही."

पालकांनी विचारायला सुरुवात केली, म्हणून मुख्याध्यापिकांनी पुन्हा बोलावलं. मीही गेले. परीक्षकांनी पेटी पुढे ओढली आणि पांढरी तीनपासून पांढरी तीनपर्यंत वाजवलं. "पत्रकवाल्या बाई, हेच ना?"

"हेच."

"मग म्हणा, बाई," ते मामींना म्हणाले.

मामींनी सुरुवात केली. त्यांचा गंधार एका जागी थांबेना. खाली रिषभाला शिवायचा, वर मध्यमाकडे झुकायचा. परीक्षक दोन-तीन पट्ट्या दाबत राहिले. "नक्की कुठली धरू?"

"कुठलीच नाही. तो असाच हलतो."

"आमच्याकडे याला बेसूर म्हणतात."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मला घरातले मामा दिसत होते. मी म्हटलं, "मामी, एकदाच सरळ धरा ना. एकदाच."

त्यांनी डोळे मिटले आणि सगळे सूर सरळ लावले, पेटीसारखे. एकही हलला नाही.

"वा! आता सुरात आहे," परीक्षक म्हणाले. मी श्वास सोडला. ते मुख्याध्यापिकांकडे वळले. "आणि आता ही चक्क भैरवी आहे. माझा शेरा बरोबर होता, नाही का?"

मी भांडले. आवाज चढवला. हलवला तर बेसूर, नाही हलवला तर भैरवी, मग या बाईंनी गायचं तरी काय? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, आपण हळू बोला, शेजारी वर्ग चालू आहे."

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली. उत्तर नाही. मामी आता डबे करून देतात. मी वर गेले की कॉफी करतात, मामांची तब्येत सांगतात. काल मी म्हटलं, "मामी, जरा तोडी म्हणा ना, तुमची." त्या म्हणाल्या, "कुकर लावायचाय," आणि आत गेल्या. मी बाहेर बसून राहिले. कुकर आधीच लावलेला होता. शिट्टी ऐकू आली.