गरगरेबाई

आमच्या मानसशास्त्राच्या बाई कुणालाही ‘बरं वाटत नाही का?’ असं विचारत नसत. त्या विचारत, ‘नेमकं काय होतंय?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबत. ‘कसंतरी होतंय’ हे उत्तर त्यांना चालत नसे. ‘कसंतरी म्हणजे कुठं? पोटात की डोक्यात? तोंडाला पाणी सुटलंय का?’ सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे गरगरेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण माणसांना गरगरायला लावणारं पिंप ज्यांनी प्रयोगशाळेत टांगलं, त्यांना दुसरं काय म्हणणार?

ते पिंप कापडाचं होतं. लोखंडी कड्यांवर ताणलेलं, आत माणूस बसेल एवढं. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं ते कापड बाईंनी शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराकडून मुद्दाम विणून घेतलं होतं. मधे एक लाकडी खुर्ची जमिनीला पक्की केलेली. मोटर सुरू झाली की कापड भोवती फिरायचं, खुर्ची जागची हलायची नाही. तरी बसणाऱ्याला वाटायचं, फिरतोय तो आपणच. आणि थोड्याच वेळात गाडी लागल्यासारखं पोटात ढवळायला लागायचं. ‘डोळे सांगतात, फिरलो. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग सांगतो, नाही फिरलो. दोघांच्या भांडणात पोटाचे हाल,’ असं बाई समजावून सांगत.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, ‘गाडी कुणाला लागते?’ एकही हात वर झाला नाही. मी करकंबची. सुट्टीत बसनं घरी जाताना रुमाल तोंडाला लावूनच बसायची, आणि घरी सगळे म्हणायचे, ‘लई नाजूक हाय बाबा ही.’ त्यामुळं माझा हात बाकाखालीच राहिला. तास संपल्यावर मात्र मी बाईंकडं गेले. त्यांना इतका आनंद झाला की मीच गोंधळले. ‘मला कधी गाडी लागली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘होडीत नाही, घाटात नाही, या पिंपात नाही. म्हणून मला तुमच्या शब्दावर विसंबावं लागतं. आणि नुसतं विसंबून भागत नाही, मोजावंही लागतं.’

मोजायची त्यांची रीत साधी होती. त्या तिला जिना म्हणत. आधी जांभया, मग तोंडाला पाणी, मग ओठांवर घाम, मग चेहरा पांढरा पडणं, मग उमासा. इंग्रजी पुस्तकांतले शब्द बाजूला ठेवून हे शब्द त्यांनी बसस्टँडवरच्या बायकांना विचारून गोळा केले होते. उमाशाच्या आधी पिंप थांबलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. एकदा खुर्चीतल्या मुलानं ‘थांबा’ म्हटलं, तरी मोटरजवळचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘अजून थोडं चालवू या की बाई, बघू काय होतंय.’ बाईंनी मोटर बंद केली आणि त्याला म्हणाल्या, ‘माणूस थांब म्हणाला, की मोजणं संपलं. पुढचं सगळं छळणं.’ तो परत तसं बोलला नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना नामदेव नावाचा बस कंडक्टर त्यांच्याकडं आला. माळशिरसकडचा, अंगानं दणकट. आधी वर्कशॉपमधे होता. कंडक्टर झाल्यापासून चालत्या बसमधे मान खाली घालून तिकिटं फाडली, हिशेब लिहिला, की त्याला भडभडून यायचं. सोबतचे म्हणायचे, नाटकं करतोय, ह्याला बसून पगार पाहिजे. डेपोचे मॅनेजर भले गृहस्थ होते. ‘तुझं खरं असेल,’ ते त्याला म्हणाले, ‘पण मी वर काय सांगू?’ कुणीतरी त्यांना बाईंच्या पिंपाबद्दल सांगितलं होतं. एका दुपारी ते स्वतःच त्याला घेऊन आले.

मोटर सुरू झाली. नामदेवनं खुर्चीचे हात घट्ट धरले. जांभया आल्या, ओठांवर घाम आला, चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी पिंप थांबवलं. मॅनेजर हळूच म्हणाले, ‘जांभया काय, आणताही येतात.’ बाई म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं.’ त्यांनी नामदेवला पडून विश्रांती घ्यायला लावली. पाणी देताना मी त्याला सांगितलं, मलाही गाडी लागते. मग त्याला परत खुर्चीत बसवून डोळ्यांवर जाड पट्टी बांधली आणि सांगितलं, ‘आता पिंप आणखी जोरात फिरवते.’ मोटरचा आवाज वाढला.

‘काय होतंय?’ बाईंनी विचारलं.

‘आवाज येतोय.’

‘आणि?’

नामदेवनं डोळ्यांवरच्या पट्टीला हात लावला. नोकरी याच उत्तरावर आहे हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं, आणि मनात मी म्हणत होते, सांग बाबा, ढवळतंय म्हणून सांग.

‘खोटं कशाला सांगू बाई,’ तो शेवटी म्हणाला. ‘आता कायबी होत न्हाय.’ त्याचे खांदे पडले होते.

बाईंनी मोटर बंद केली, पट्टी सोडली आणि मॅनेजरकडं वळल्या. ‘डोळे बांधल्यावर काही होतच नाही, कारण खुर्ची हलतच नाही. सोंग करणाऱ्याला हे ठाऊक नसतं. मोटर ऐकून तो आधीपेक्षा जास्त कण्हला असता. हा माणूस खरं बोलतोय.’

मॅनेजरनी त्या कापडाला हात लावून पाहिला. मग नामदेवला म्हणाले, ‘चौकशीची खिडकी रिकामी आहे. सोमवारपासून तिथं बस.’ नामदेवनं बाईंना वाकून नमस्कार केला, तशा बाई चक्क लाजल्या.

त्याच वर्षाअखेर बाईंना बंगलोरहून बोलावणं आलं. तिथं जमिनीवर बसूनच विमान चालवल्याचा भास देणारी यंत्रं होती. त्यांत शिकणाऱ्या वैमानिकांना मळमळायचं, आणि नोकरीच्या भीतीनं ते लपवायचे. ते मोजायला बाई हव्या होत्या. स्टेशनवर निरोप द्यायला आम्ही सगळ्या मुली गेलो होतो. गाडी सुटता सुटता त्या मला म्हणाल्या, ‘तू पुढं शीक. ज्यांना त्रास होतो, त्यांनीच हा विषय शिकावा.’ मी शिकले. पुढं तोच विषय शिकवलाही.

बाई गेल्यानंतरच्या सुट्टीत मी स्टँडवर बसची वाट पाहत होते. चौकशीच्या खिडकीतून नामदेवनं मला पाहिलं. बस लागली तशी त्यानं कंडक्टरला हाक मारली, ‘आरं, ह्या ताईंना पुढची जागा दे. रस्ता दिसला पायजे त्यास्नी.’

‘कोण हायेत?’ कंडक्टरनं विचारलं.

एरवी मी वडिलांचं नाव सांगितलं असतं. त्या दिवशी, नामदेव बोलायच्या आत, मी म्हणाले, ‘गरगरेबाईंची विद्यार्थिनी.’