आखाजीच्या पानावर मरळ

बायको गेली त्या हिवाळ्यात माझ्या घरातून फवारणीच्या औषधाचे डबे गायब झाले. मग दोर गेला. बैलाच्या गळ्यात साखळी आली. सुनेला विचारलं तर म्हणे, "असू द्या ना मामाजी." मी काय समजायचं ते समजलो. कापसाची ती वर्षंच तशी होती. आज या गावात, उद्या त्या गावात, माणसं स्वतःहून जात होती. त्यात मी म्हातारा, बायको मेलेला. म्हणजे आता याचा नंबर, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. मला कोणी विचारलं नाही.

मला मरायचं नव्हतं. मला आखाजीला मरळ पाहिजे होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पान वाढतात. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरड्या. बायकोची ती पहिली आखाजी होती. मी मोठ्या वहिनीला सांगून टाकलं, पानावर मासोळी ठेवीन.

"अवो भाऊजी, पितराचं पान हाय ते! बाटवता काय?"

"पितर कोणाचा? बायको हाय माही. तिनं पुरण कधी खाल्लं, सांगा."

वहिनीलाही ठाऊक होतं. सणाला माझी बायको सगळ्यांना पुरण वाढायची अन् मग चुलीमागं बसून कालच्या मरळीचं मुंडकं चोखायची. तुकडे आम्हाला, मुंडकं तिचं. त्यावर कोणी हात टाकलेला तिला खपायचा नाही.

चकरीची गरी, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक असलेली छडी, तीही तिनंच आणली होती. त्याआधी मी जाळं घेऊन पाण्यात उतरायचो, पण गुडघे गेले. ती यवतमाळला दवाखान्यात तपासायला गेली अन् येताना पिशवीत गोळ्या थोड्या, ही छडी मोठी. "गोळ्यांचं राहू द्या," म्हणे, "हे पाहा. आता काठावर बसून धरा." वर मलाच हसली, "म्हातारा पतंग उडवाले चालला."

आखाजीच्या आदल्या दिवशी मी तलावावर गेलो. उन्हाळ्यानं पाणी आत सरकलं होतं, बुडालेल्या बाभळींचे खुंट वर आले होते. मरळ अशाच जागी दबून बसते. गरीला जिवंत बेंडकी लावली, खुंटाजवळ टाकली, हळूहळू चकरी फिरवत राहिलो. मरळीनं बेंडकी धरली की लगेच हिसका द्यायचा नाही. दोरी सोडायची, तिला गिळू द्यायचं, मग ओढायचं. घाई केली की हाती नुसती गरी येते.

दुपार कलली तेव्हा गप्पकन पाणी फुटलं. दोरी सोडली. दम धरला. हिसका दिला तर छडी वाकून अर्धी झाली. चांगली मांडीएवढी असावी. पण खुंटाला वेढा घालून अडकली. ओढावं तर दोरी तुटते. मी चपला काठावर काढल्या, सदरा काढून त्यावर ठेवला अन् छडी धरून पाण्यात उतरलो. कमरेपर्यंत गेलो. खुंटाला हात लागणार, तोच मागून कोणीतरी मिठी मारली.

"दादा! असं नको करू बावा! आमी हाओ ना!"

माझा चुलत भाऊ. गावानं त्याला माझ्या मागं लावला होता. दोघंही आडवे झालो. नाकातोंडात पाणी गेलं. उठलो तर दोरी तुटून लोंबत होती.

"अरे हलकटा, मरळ गेली ना माही!"

"मरळ? पण तुह्या चपला..."

"चपला घालून पाण्यात जातो काय रे तू? अन् मले मराचंच असतं तर तलावात कायले आलो असतो? मले पोहता येते!"

तो पाण्यात उभा राहून रडायला लागला. मला राग आला होता अन् त्याचं रडणं पाहून आणखी आला. सहा महिने गाव मला रोज थोडं थोडं पुरत होतं अन् रडायचंही त्यांनीच. मी रडलो नव्हतो काय? पण रडून झाल्यावर भूक लागते, हे कोणी ध्यानात घेत नव्हतं.

"रडून झालं असन तर बेंडक्या धर," मी म्हटलं. "मरळ तू सोडली, आता तूच भरून दे."

त्यानं ओल्या धोतरानं चिखलात बेंडक्या धरल्या. दिवस बुडता बुडता एक मरळ लागली. पहिलीच्या निम्मी. पण मुंडकं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच रांधली. पुरणपोळीच्या बाजूला मुंडकं ठेवलं. वहिनी पदर नाकाला लावून उठून गेली. जाऊ दे. चुलत भाऊ जेवायला बसला, दोनदा रस्सा घेतला अन् मग पानाकडं पाहू लागला.

"तिकडं पाहू नको," मी म्हटलं. "ते तिचं हाय."

अजूनही मी तलावावर जातो. दोरी अडकली की पाण्यात उतरतो. चपला काठावरच काढतो, गावाला दुरून दिसतील अशा. कोणाला धावत यायचं असेल त्यानं यावं. येताना बेंडक्या घेऊन यावं.