कुल्फीच्या पेटीतली शतावरी
शतावरीची मुळं उकळल्याचा वास आला, की मला आमच्या रिठद गावातली ती संध्याकाळ आठवते. लेकीने कॉलेजच्या प्रयोगासाठी मुळांचा अर्क काढून त्यात स्पिरिट ओतलं होतं. बाटली सकाळपर्यंत थंड राहिली, तरच त्यातला औषधी गाळ तळाशी बसणार होता. मुळं तर सगळी संपलेली, आणि नेमकी लाइट गेली. पोरगी रडकुंडीला आली. मी फ्रीजला दोन थापा मारल्या. माझं विज्ञान तिथंच संपलं. तेवढ्यात घंटी वाजवत कुल्फीवाले काका आले. सगळं ऐकून म्हणाले, “रडून कायले राह्यली व माय? ठेव माह्या पेटीत.” बर्फात जागा व्हावी म्हणून त्यांनी उरलेल्या कुल्फ्या गल्लीत वाटून टाकल्या. मीही बापाचं कर्तव्य म्हणून खात सुटलो. “भाऊ, झाली जागा, आता पुरे!” काका म्हणाले. सकाळी पेटी उघडली, तर बाटलीच्या तळाशी कापसासारखा पांढरा गाळ बसला होता. आता मला गोड बंद आहे, तरी घंटी वाजली की मी बाहेर जातो. काका कुल्फी काही देत नाहीत, एवढंच विचारतात, “आपली पोरगी कशी हाय?”