टेकोड्यांचा रस्सा

आजारातून नुकत्याच उठलेल्या माझ्या बापाला मी रानातलं मशरूम खाऊ घातलं, तेही मशरूमवरचा लेख अर्धाच वाचून.

टायफॉइडनं बाबांना पार वाळवून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं वाढवा. अंड्याला बाबा शिवत नाहीत. तेवढ्यात मोबाइलवर तो लेख सापडला. मशरूममध्ये प्रथिनं, ब जीवनसत्त्व, पोटॅशियम, चरबी नावापुरती, मधुमेहवाल्यालाही चालतं. एवढ्यावर मी वैद्य झालो. बार्शीटाकळीजवळ आमचं शेत आहे. पावसाळ्यात तिथं टेकोडे निघतात. रानातल्या अळंबीला आम्ही टेकोडे म्हणतो. टोपलीभर उपटून अकोल्याला, जुन्या शहरातल्या घरी आणले. बाबांनी एक टेकोडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत टाकला. मी तेव्हा त्यांना पोटॅशियम समजावून सांगत होतो.

विषाची परीक्षा म्हणून रश्श्यात लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं सोडलं. काळं पडलं नाही. बाबांनी दोन वाट्या रस्सा खाल्ला. मी मेथी खाल्ली. मला मशरूमचा वास सहन होत नाही.

दुपारी लेखाचा खालचा भाग वाचला. नाण्याची परीक्षा खोटी. विषारी अळंबी खायच्या अळंबीसारखीच दिसू शकते. काही विषांचा त्रास सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि मग यकृतावरच येतं.

बाबा घोरत होते. घोरणं थांबलं की मी त्यांच्या नाकाशी बोट धरत होतो. टेकोडे कुठून उपटले तेही आठवेना. बांधावरून, वारुळावरून, की उकिरड्याजवळून? शेवटी त्यांना हलवून उठवलं.

"बाबा, पोटात मुरडते का?"

"तू उठोलं म्हणून मुरडून राह्यलं. मले काई झालं नाई."

ऐकायला मी शुद्धीवर कुठं होतो? ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

"तुम्ही किती खाल्लं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मी नाही खाल्लं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बाबांचं रक्त घेतलं, त्यांना ठेवून घेतलं. बाबा संडासात गेले की मी दाराला कान लावायचो. आतून खोकला आला तरी दार वाजवायचो. याच हातानं चिरले, याच हातानं वाढले, हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशीची तपासणीही चांगली आली. डॉक्टर म्हणाले, "मशरूम जरूर द्या, पण लागवडीचं, विकतचं. रानातलं ओळखता येत नसेल तर हात लावू नका."

परत येताना ऑटोत मी हळूच विचारलं, "टोपलीत काय पायलं होतं तुमी?"

"देठ. मुळीवानी लांब, खाली गेलेले. वारुळातले होते, खायचेच."

"मंग काल सांगतलं काहून नाई?"

"तू पोटॅशियम सांगून राह्यला होता." बाबा बाहेर मोर्णा नदीकडे पाहत म्हणाले, "अन् उकिरड्यावरचे असते, त पयली वाटी तुलेच चारली असती."