साडूच्या गाडीतली वाफ

माझे साडू गुलबर्ग्याला सरकारी इंजिनियर. मी हुमनाबादेत तुरीची डाळ विकून वर आलेला माणूस. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून त्यांना मान द्यावा लागे आणि तो मान ते मोजून घेत. त्यांनी आपली जुनी परदेशी गाडी मला विकली, तेव्हासुद्धा दान केल्यासारखा चेहरा होता.

गाडीत हीटर होता. "असली सोय जिल्ह्यात कुणाकडे नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साडूबुवा, गुलबर्ग्याच्या उन्हात हीटर म्हणजे विहिरीत हापसा. त्याचे पैसे मी देणार न्हाई." त्यावरून तासभर भांडून भाव पाडला. सौद्यात मला कुणी हरवलेलं नाही, असं मी तोवर समजत होतो.

दुसऱ्याच दिवशी वेळ अमावस्या. सासरा निर्णा गावचा शेतकरी. त्या दिवशी मुली-जावयांनी शेतात कडब्याची कोपी उभारून तिच्यापाशी शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खायला जायचंच, अशी आमच्याकडची रीत. साडूंची बायको, म्हणजे अक्का, आधीच गेली होती. मी, माझी बायको आणि साडू गाडीतून पहाटे निघालो. मला सासऱ्यापुढे नवी गाडी उभी करायची होती. डाळवाला जावई आणि साहेब जावई, या दोघांत सासरवाडीने आजवर केलेला फरक त्या दिवशी मिटवायचा होता.

हवेत गारठा होता. साडूंनी न विचारता पुढे हात घालून हीटरचं बटण ओढलं. "आता बघा, काश्मीरसारखं उबदार."

काश्मीर काही आलं नाही. काचेखालच्या हवेच्या जाळीतून पांढरे लोट मात्र येऊ लागले. समोरची काच झाकली गेली. मी कसाबसा ब्रेक मारला.

"धूर!" साडू ओरडून रस्त्यावर उडी मारून उभे. माझ्या बायकोला हात द्यायचं त्यांना सुचलं नाही. "वायरिंग जळतंय! तुम्ही दिवे लावून हॉर्न वाजवत होता, लोड आला!"

शेजारून बैलगाडीवाला चालला होता. त्याने बैल थांबवले. "अण्णा, गाडी पेटायलीय का?"

"साहेब म्हणायलेत पेटायलीय," मी म्हटलं. "साहेबांनी सांगितलं म्हणजे पेटायलाच पाहिजे."

"कालपर्यंत ठीक होती," साडू म्हणाले. "तुमच्या हातात एक रात्र राहिली. आता माझी जबाबदारी नाही."

इथे माझं डोकं फिरलं. पण माझं डोकं फिरलं की डोळे जास्त उघडतात. धूर असता तर बायकोला खोकला आला असता. ती आत शांत बसली होती. धुराने काच काळी झाली असती. इथे काच ओली होती. बोट फिरवलं तर चिकट थेंब, आणि थेंब पिवळसर. मी हीटरचं बटण आत ढकललं. थोड्या वेळात लोट विरले. जळणारी वायर बटणाचं ऐकत नाही. इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे जातं, तिथे कुठेतरी फुटलेलं होतं, आणि ही त्याची वाफ होती.

"अहो," बायको आतून म्हणाली, "हळद शिजवायच्या काहिलीपाशी बसल्यावानी वास येयलाय."

शेतकऱ्याची मुलगी ती. तिला हा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. आणि आमच्या रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक आहे, रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकतात. गळती चार दिवस बुजते. गाडी विकायला चार दिवस पुरतात.

"साडूबुवा, रेडिएटरात हळद कामून हाय?"

"हळद कसली? गंज असेल तो."

"गंजाला लग्नघराचा वास येतो व्हय?"

बैलगाडीवाला खो खो हसला. इंजिन निवल्यावर बैलगाडीवाल्याकडचं पाणी भरून पुढे निघालो. वाटेत साडू हळूच म्हणाले, "मामंजींसमोर विषय नको. घरातली गोष्ट आहे." मी म्हटलं, "नवा रेडिएटर बसवून द्या, विषय इथेच बुडवतो." त्यांनी मान हलवली. सौदा झाला, असं मला वाटलं.

शेतात पोचलो. सासरा गाडीभोवती फिरला. मी छाती फुगवून उभा. इतक्यात साडू भज्जीचा घास घेत म्हणाले, "मामंजी, थोडक्यात वाचलो. ह्यांनी एका रात्रीत वायरिंग जाळून ठेवलं. मी होतो म्हणून निभावलं."

मी त्यांच्या हातातलं ताट काढून खाली ठेवलं. दंड धरून गाडीपाशी नेलं, बॉनेट उघडलं, फडक्याने रेडिएटरचं टोपण फिरवलं. पाहुण्यांसकट सगळं शेत भोवती जमलं.

सासऱ्याने टोपणाला लागलेला गाळ बोटावर घेतला, हुंगला. "हळद चांगली हाय की. आपल्याच रानातली दिसायलीय."

अक्का मागून पुढे आली. तिनेही बोट लावलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"तरीच! माझ्या आप्पांनी दिलेली वर्षाची हळद महिन्यात कशी सरली म्हणून मी मोलकरणीला हाकलून दिलं की हो!"

साडू आंबील प्यायला कोपीकडे निघाले. सासरा म्हणाला, "साहेब, आधी त्या बाईला परत बोलवा. मग आंबील."

रेडिएटर पुढच्या आठवड्यात आला. सोबत चिठ्ठी नाही, माफी नाही. मोलकरीण परत आली का, ते मला कुणी सांगितलं नाही.