दगडू सुताराची शपथ

समुपदेशक मित्रहो, आज सकाळी सुहास यांनी या गटावर लिहिले की, पन्नासच्या दशकात बोरी बुद्रुक येथे भर सभेत घेतलेल्या शपथेमुळे दगडू सुताराची दारू सुटली. म्हणून आपल्या व्यसनमुक्ती केंद्रानेही तसा कार्यक्रम करावा. ही माहिती साफ चुकीची आहे. आज मी नव्वदी ओलांडली आहे; दारूबंदीच्या त्या काळात तेथील शिक्षक आणि प्रचारक मीच होतो.

दगडूने दारू सोडली, ती दर सोमवारी माझ्याशी एकांतात बोलून. पोळ्याला तो एकदा प्याला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन रडला. ती गोष्ट मी सभेत सांगितली व त्याला शपथ घ्यायला लावली.

"काय राव, पोळा बैलांचा व्हता का तुझा?" कोणीतरी ओरडले. सभा हसली.

जाताना दगडू म्हणाला, "गुरुजी, मी तुमच्यापाशी बोललो व्हतो, गावापाशी न्हाई."

त्या दिवशी मला टाळ्या मिळाल्या. सुहास यांच्या लेखाखाली आजही टाळ्याच आहेत.

तेव्हा तारखा दुरुस्त करून घ्याव्यात:
दारू सोडली: नागपंचमी.
चूक कबूल केली: पोळ्याचा दुसरा दिवस.
मी ती जाहीर केली: दसरा.
पुन्हा पिऊ लागला: त्याच दसऱ्याची संध्याकाळ.
पुन्हा माझ्याकडे आला: कधीही नाही.